गिअरबॉक्सचे ऑइल बदलायचे की नाही? ऑटोमॅटिक गाडीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरे

चवथ झाली की माझ्याकडे ऑटोमॅटिक गाड्यांचे प्रश्न वाढतात. पावसाळाभर चिखलातून, तुंबलेल्या रस्त्यांतून चाललेली गाडी मंडळी भरून गावी जाते, बेळगावला जाऊन घाट चढून-उतरून येते आणि मग मालकाला गिअर बदलताना पहिला झटका जाणवतो. यंदाचे बहुतेक प्रश्न एकाच गोंधळातून आले आहेत, म्हणून त्यांना एकत्र उत्तरे देतो. गाडी न बघता दिलेले उत्तर अर्धेच असते, हे लक्षात ठेवून वाचा.

पर्वरीच्या कोंडीत दर मिनिटाला थांबावे लागते. प्रत्येक वेळी ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकू का? (म्हापसा)

नको. ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’मध्येच, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्येच, थांबा. वाहतूक पाच मिनिटे हलणारच नाही असे दिसले, तर ‘एन’ आणि हँडब्रेक.

माझी छोटी हॅचबॅक ऑटोमॅटिक आहे, क्लचचे पेडल नाही. मेकॅनिक म्हणतो, हिच्यात ऑटोमॅटिकचे ऑइल नसतेच. तो फसवतो आहे का? (फोंडा)

तो बहुधा खरे सांगतो आहे. आपल्याकडे चार वेगवेगळ्या यंत्रांना ‘ऑटोमॅटिक’ हे एकच नाव पडले आहे. तुमची गाडी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असावी. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये हा प्रकार आणला आणि तो घरोघरी पोहोचला. आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम यंत्र करते. त्यात साधे गिअर ऑइल असते, आणि क्लच प्लेट मॅन्युअल गाडीसारखीच झिजते.

बाकीचे तीन प्रकार असे. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे नेणाऱ्या, गिअरबॉक्सला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) लागते. सीव्हीटीमध्ये लोखंडी पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो, तिचे ऑइल वेगळे. डीसीटीत दोन क्लच असतात, काहींचे कोरडे, काहींचे ऑइलमध्ये बुडालेले. सीव्हीटीत एटीएफ ओतल्यामुळे पट्टा घसरून पुल्या ओरखडलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून ऑइल घेण्याआधी गाडीची पुस्तिका उघडा आणि आपला गिअरबॉक्स कोणता, ऑइलचा कोड कोणता, हे स्वतः वाचा. डब्यावर ‘सर्व ऑटोमॅटिकसाठी’ असे लिहिलेले ऑइल घेऊ नका.

एएमटीबद्दल आणखी एक. अल्तिनोच्या चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरली की क्लच जळतो. ब्रेक धरा.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी आहे, ८२,००० किलोमीटर झाले. सर्व्हिसवाले म्हणतात, गिअरबॉक्सचे ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, बदलायचे नसते. मला गाडी तीन लाखांपर्यंत चालवायची आहे. (मडगाव)

हा प्रश्न मला आठवड्याला दोनदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचे आयुष्य, हे तुम्हाला कोणीच सांगत नाही. गिअरबॉक्सचे आयुष्य संपेपर्यंत ऑइल टिकेल, हे वाक्य नेहमीच खरे ठरणार, कारण ऑइल संपले की गिअरबॉक्सही संपतो. वॉरंटीच्या काळात काही होत नाही. सर्व्हिसचा खर्च कमी दिसतो, गाडी विकताना ते सांगता येते. बिल येते ते पुढे, दीड लाख किलोमीटरनंतर, आणि तेव्हा ते तुमच्याच हातात येते.

इंजिन ऑइलचे मुख्य काम वंगणाचे. एटीएफला त्याशिवाय आणखी तीन कामे असतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद त्याच्यातूनच पुढे जाते. त्याच्याच दाबावर आतले क्लच धरले-सोडले जातात. आणि आतली उष्णता तेच कूलरपर्यंत वाहून नेते. क्लचच्या अस्तराची बारीक भुकटी त्याच ऑइलमध्ये मिसळत राहते आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइलचा दाब क्लचना वाटून देणाऱ्या भागाच्या, केसाएवढ्या वाटांमधून फिरते. ऑइलचे तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जुना अंदाज आहे. आता तुमचा रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणा: मे महिन्यातली दुपार, एसी चालू, पाच माणसे, मडगाव ते पणजी, मध्ये थांबत-सरकत. पुस्तिकेत ‘खडतर वापर’ म्हणून वेगळा तक्ता असतो. त्यात उष्ण हवा, गर्दी, चढ-उतार, टॅक्सीचा वापर असे लिहिलेले असते. गोव्यातल्या बहुतेक गाड्या त्याच तक्त्यात बसतात, पण तो तक्ता गिऱ्हाइकाला उघडून दाखवणारा सल्लागार मला क्वचितच भेटला आहे.

जर्मनीची झेडएफ ही कंपनी अनेक महागड्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. तिची स्वतःची शिफारस अशी: ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांतले जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला. बनवणाराच बदला म्हणतो, तर विकणाऱ्याचे का ऐकायचे? आपल्या हवेत मी टॉर्क कन्व्हर्टरला ५० ते ६० हजार आणि सीव्हीटीला ४० ते ५० हजार धरतो. पुस्तिकेत याहून कमी लिहिले असेल तर पुस्तिका पाळा.

तुमच्या गाडीला आता उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. एक गोष्ट समजून घ्या. चेंबरचा (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाचा) नट उघडला की सगळे ऑइल बाहेर येत नाही, तिसरा हिस्सा ते निम्मे येते. बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. म्हणून एकदा बदलून, हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा बदलणे हा चांगला मार्ग. चेंबर उघडता येत असेल तर फिल्टर बदला आणि आतल्या चुंबकावर काय चिकटले आहे ते स्वतः बघा. काळी मऊ पेस्ट नेहमीची असते. लोखंडाचे तुकडे दिसले तर तिथेच थांबून तज्ज्ञाला दाखवा. आणि पातळी मोजायची ती पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच, स्कॅनर (गाडीचा संगणक वाचणारे यंत्र) लावून. थंड गाडीत अंदाजाने ऑइल भरणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका, कमी भरले काय आणि जास्त भरले काय, दोन्हींनी नुकसान होते.

१,६०,००० झाले, ऑइल कधीच बदलले नाही. शेजारी म्हणतात, आता बदलले तर गिअरबॉक्स जाईल, त्यांच्या मेहुण्याचा गेला. (डिचोली)

मेहुण्यांच्या गाडीची गोष्ट अर्धी ऐकलेली आहे. बहुतेक लोक गाडी ओढेनाशी झाल्यावरच ऑइल बदलायला येतात. तोवर आतले क्लच झिजलेले असतात, नवे ऑइल त्यांना परत आणू शकत नाही, आणि दोष मात्र ऑइलला जातो.

एवढे मात्र खरे की इतक्या उशिरा मशीन लावून जोरात फ्लशिंग करणे, म्हणजे दाबाने आतून धुणे, धोक्याचे असते. बसलेला कचरा सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. गिअर नीट पडत असतील, रेस वाढून गाडी मागे राहत नसेल, तर साध्या पद्धतीने काढून थोडे थोडे बदलत जा. त्याआधी कोणाकडून तरी चालवून घ्या आणि ऑइलचा वास घ्यायला सांगा. जळका वास येत असेल तर पुढचा निर्णय गाडी पाहूनच घ्यावा लागेल.

गिअरबॉक्समध्ये टाकायची औषधाची बाटली मिळते, तिने आयुष्य वाढते का? (वास्को)

नाही. ते पैसे ऑइलसाठी ठेवा.

चोर्ला घाट उतरताना ‘एन’मध्ये टाकले की पेट्रोल वाचते, असे मित्र सांगतात. (साखळी)

मित्रांनी ते कार्ब्युरेटरच्या काळात ऐकले असावे. आताच्या इंजिनात पाय काढून गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होते. ‘एन’मध्ये इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागते. शिवाय गाडीला रोखून धरणारी इंजिनची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि खाली पुन्हा ‘डी’ टाकताना गिअरबॉक्सला धक्का बसतो. धुक्यात, ओल्या रस्त्यावर, वळणामागे ट्रक असताना हे करणे जीवावर बेतू शकते. ‘एल’ किंवा मॅन्युअलमध्ये खालचा गिअर घ्या.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालतो, त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध? (पेडणे)

फार जवळचा संबंध आहे. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात, विहिरीच्या पाण्यात ती नसतात. कूलर आतून कुजून फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती: रेडिएटरच्या टाकीत गुलाबी साय, चेंबरमध्येही तेच. मालकाला कळेपर्यंत तो पंधरा दिवस चालवत होता. क्लचचे अस्तर कागदासारखे असते आणि डिंकाने चिकटवलेले असते, पाण्याने आणि कूलंटने ते सुटते. तो गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागला. असे गुलाबी काही दिसले तर इंजिन सुरूच करू नका. दोरी बांधून ओढूही नका: इंजिन बंद असताना आतला पंप चालत नाही आणि फिरणारे भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीलाही हाच नियम.

तुमच्या गाडीचा रेडिएटर पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर या महिन्यातच तपासून घ्या.

फेरीबोटीच्या उतारावर थांबल्यावर ‘पी’ (पार्किंग) काढताना ‘खट्’ असा मोठा आवाज येतो. (चोडण)

‘पी’मध्ये पूर्ण गाडी एका लहानशा लोखंडी खिट्टीवर अडकते, उतारावर सगळे वजन तिच्यावर येते. ब्रेक दाबा, ‘एन’ टाका, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग ब्रेक पुन्हा दाबून ‘पी’. ज्या एएमटीला ‘पी’ नसतो ती गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावी, हँडब्रेकसह. सपाटीवरही आवाज आला तर दाखवा.

दोन महिने दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना झटका येतो. एका ठिकाणी सांगितले, पूर्ण गिअरबॉक्स नवीन टाका, लाखांत खर्च आहे. (सांगे)

दोन महिने का थांबलात? झटका पहिल्या आठवड्यात हजारांत सुटण्याची शक्यता असते, तिसऱ्या महिन्यात ती उरत नाही.

पण पूर्ण गिअरबॉक्स बदलायला लगेच हो म्हणू नका. आधी त्यांना विचारा: स्कॅनरवर कोणता कोड आला, तो लेखी द्या. ऑइलची पातळी योग्य तापमानाला मोजली का? इंजिनची माऊंटिंग (इंजिन धरून ठेवणारी रबरे) तपासली का? बॅटरी अशक्त आहे का? एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलून भागेल का? संगणकाला गिअर नव्याने शिकवण्याची प्रक्रिया करून पाहिली का? या प्रश्नांची उत्तरे न देता जो थेट लाखांचा आकडा सांगतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या आणि फक्त गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला दाखवा. कोडची प्रिंट बरोबर न्या. तोवर गाडी गावातल्या गावात चालवा, गरम होऊ देऊ नका, आणि रेस वाढून गाडी ओढेनाशी झाली तर त्याच क्षणी बाजूला घेऊन बंद करा.