कुणी विचारलं नाही तरी सांगा

घर-जागेच्या व्यवहारांत तीस वर्षं काढलेल्या नाशिकच्या एजंट ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं एजंटांचीच आहेत.

प्रश्न : ताई, मी सिन्नरला बावीस वर्षं प्लॉट-फ्लॅटची कामं करतो. पूर्वी पेपरातली छोटी जाहिरात आणि चौकातला बोर्ड यांवर वर्ष निघायचं. आता गिऱ्हाईक येतं ते सगळं मोबाइलवर बघूनच, आणि मलाच माझ्या साइटची माहिती सांगतं. मुलगा म्हणतो वेबसाइट काढा, एआय वापरा. यात माझ्यासारख्याचं काय राहिलं?

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मीही त्याच छोट्या जाहिरातींतून वर आले. १९९६ साली शब्दागणिक पैसे मोजावे लागायचे. 'गंगापूर रोड, २ बीएचके, पाणी मुबलक, त्वरित विकणे' एवढंच छापायचं आणि बाकीचं फोनवर. ते बाकीचं आपल्या खिशात असायचं, आणि आपला धंदा त्याच खिशावर चालायचा.

९९एकर्स हे घर-जागेच्या जाहिरातींचं पोर्टल २००५ मध्ये आलं, मॅजिकब्रिक्स हे तसंच दुसरं त्याच्या पुढच्या वर्षी. फोटो दिसू लागले, तरी शब्द आपलाच चालत होता. खरा बदल झाला तो सरकारी दप्तर मोबाइलवर आलं तेव्हा. मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, सुरू झालं. नोंदणी झालेल्या प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, चालू असलेले दावे, विकली गेलेली घरं हे सगळं कुणालाही बघता येतं. सातबारा घरबसल्या निघतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची २ (नोंदवलेल्या खरेदीखताचा गोषवारा) शोधली की शेजारचा फ्लॅट कागदोपत्री कितीला गेला ते कळतं. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हणजे होर्डिंगखाली उभ्या असलेल्या माणसाने मोबाइल वर धरला की थेट महारेराचं पान उघडतं. आपण तिथे पोचायच्या आधीच त्याने तारखा वाचलेल्या असतात.

खिशातलं असं बाहेर गेल्यावर आपल्याकडे काय उरतं, हे मला २०१७ मध्ये फार वाईट रीतीने कळलं. गोदाकाठच्या एका गल्लीत तळमजल्याचा फ्लॅट होता. मी फोटो सुंदर काढले, मागची बाग, गॅलरीतलं ऊन. आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१६ च्या पुरात त्या पार्किंगमध्ये पाणी चढलं होतं. ते मी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. टोकन झालं. चार दिवसांनी घेणाऱ्यांची कॉलेजात जाणारी मुलगी ऑफिसात आली आणि तिने पुराचा एक व्हिडिओ लावला. त्यात त्याच सोसायटीचं गेट होतं, गुडघाभर पाण्यात. ती काहीच बोलली नाही. मी टोकन परत करायला लावलं, पण तिच्या आईची माझ्याकडे बघण्याची नजर अजून जात नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक जाहिरातीत, नदीजवळची जागा असेल तर, निळी पूररेषा (सरकारने नकाशावर आखलेली पुराच्या पाण्याची हद्द) कुठून जाते आणि २०१६ व २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं हे पहिल्या चार ओळींत असतं. काही गिऱ्हाइकं तिथूनच परत जातात. जी येतात ती घर घ्यायचं ठरवूनच येतात.

म्हणून तुमचं उत्तर असं : सरकारी पानावर जे नाही, ते तुमच्याकडे आहे. समृद्धी महामार्गाच्या गोंदे इंटरचेंजहून उतरल्यावर तुमच्या प्लॉटपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो, मुसळगावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटते तेव्हा तिथून घरी यायला किती मिनिटं लागतात, टँकर एप्रिलमध्ये लागतो की फेब्रुवारीतच. हे महारेराला माहीत नाही, एआयलाही नाही, कुणीतरी लिहिल्याशिवाय. बावीस वर्षांचं ते तुमच्या डोक्यात आहे. मुलाला टाइप करायला बसवा आणि तुम्ही सांगत जा.

प्रश्न : मी जळगावची, वय २७. पोर्टलला पैसे भरते, महिन्याला साठ-सत्तर लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, येतात. फोन केला की समोरचा म्हणतो, 'आज तुम्ही पाचव्या.' साइट व्हिजिटला कुणी येत नाही. स्वतःची वेबसाइट केली तर फरक पडेल का?

पडेल, पण वेबसाइट म्हणजे काय हे आधी नीट ठरव. (तुला अगं-तुगं करते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस.) पोर्टलवर तू पाचवी असणारच, कारण तिथे एकच चौकशी बऱ्याच जणांकडे जाते. पोर्टल बंद करू नकोस, पण गिऱ्हाइकाने पाचही नावं गुगलवर टाकून पाहिली तर तुझ्याबद्दल काय सापडतं, ते आज संध्याकाळी स्वतः बघ.

माझंच सांगते. आमच्या ऑफिसची सगळी माहितीपत्रकं वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याने जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली. पीडीएफ सुरेख दिसायचं. भाच्याने एक दिवस त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला, तर 'इंदिरानगर'ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. म्हणजे पानावर आपल्याला मराठी दिसत होतं, पण शोधयंत्राच्या लेखी तिथे मराठीचं एक अक्षरही नव्हतं. दहा वर्षांची माहिती कुणाला सापडणारच नव्हती. आम्ही दोन महिने बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकाला वाचता येणाऱ्या मराठीत, पुन्हा टाइप केलं. तुझ्याकडे असं काही असेल तर पहिलं काम हे कर. फोटोतच भाव, क्षेत्रफळ, पत्ता लिहून ते व्हॉट्सॲपवर फिरवायची आपल्याकडे सवय आहे, तिथेही तीच गत. तो फोटो पुढे पाठवता येतो, पण शोधणाऱ्याला सापडणं कठीण.

आणि आता शोधण्याची रीतही बदलते आहे. पूर्वी लोक '2 bhk jalgaon' टाकायचे. हल्ली एआयला सरळ वाक्यात विचारतात : आई गुडघ्यांमुळे जिने चढत नाही, लिफ्टची इमारत हवी, दवाखाना जवळ हवा, बजेट पन्नास लाख. याचं उत्तर त्या यंत्राला कुठेतरी लिहिलेल्या मजकुरातूनच काढावं लागतं. 'प्रशस्त, हवेशीर, प्राइम लोकेशन' या तीन शब्दांत त्याला धरायला काहीच नाही. पण 'चार मजली इमारत, लिफ्ट आहे, वीज गेली तरी जनरेटरवर चालते. गेटपासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या, कठडा नाही' असं असेल तर आहे. तीन पायऱ्या लिहायची लाज वाटते ना? लिही. ज्याच्या आईला तीन चालतात तो येईल, आणि तू पाचवी असलीस तरी तुझ्याकडेच येईल.

प्रत्येक घराला स्वतंत्र पान दे. चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) चौरस फुटांत आणि चौरस मीटरमध्ये, बिल्टअप-सुपरबिल्टअपचा गोंधळ नको, रेराने चटई क्षेत्राची व्याख्याच करून दिली आहे. मेंटेनन्स किती, सोसायटी नोंदलेली आहे का, बाल्कनी कोणत्या दिशेला. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक आणि तुझा स्वतःचा एजंट नोंदणी क्रमांक. महारेराची एजंटांसाठीची परीक्षा दिली आहेस ना? २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. फोटो हलके करून टाक, खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडायला वेळ लागला की माणूस थांबत नाही. घर विकलं गेलं की त्याच दिवशी पानावर 'विकले' लिही. विकलेलं घर दाखवून फोन खेचायची युक्ती आपल्या धंद्याला सगळ्यात जास्त नडली आहे, असं माझं ठाम मत आहे.

गुगल नकाशावरची ऑफिसची नोंद मोफत आहे, ती पूर्ण भर. व्यवहार झाला की दोन-चार महिन्यांनी त्या कुटुंबाला फोन करून विचार, पाणी नीट येतं का, आणि मग अभिप्राय लिहायची विनंती कर. आधी पाणी विचार.

प्रश्न : रिकाम्या फ्लॅटच्या फोटोत एआयने सोफा, पडदे, झाडं टाकून मिळतात. टाकावेत का? (ठाणे)

सोफा टाका, आणि फोटोवरच 'सजावट काल्पनिक' असं मोठ्या अक्षरात लिहा. शेजारी तीच खोली रिकामी दाखवा. पण खिडकी मोठी करायची नाही, समोरची भिंत पुसून डोंगर आणायचा नाही, भिंतीवरची ओल घालवायची नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झालेल्या ग्राहकाला बिल्डरकडून भरपाई मागता येते, आणि कलम १० एजंटाला फसव्या प्रथांपासून दूर राहायला सांगतं. जाहिराती तपासायला महारेराने एएससीआय या जाहिरात परिषदेची मदत घेतली आहे, ते लोकही एआय वापरतात.

कायदा बाजूला ठेवला तरी, कर्ज काढून घर घेणारी बाई त्या फोटोत आपला देव्हारा कुठे बसेल ते बघत असते. तिला खोटी भिंत दाखवणं मला जमणार नाही.

प्रश्न : एक जण वीस हजार मोबाइल नंबरांची यादी देतोय. घेऊ का? (सोलापूर)

नको. त्या लोकांनी तुम्हाला नंबर दिलेला नाही. संमतीशिवाय माणसाची माहिती वापरण्याविरुद्ध २०२३ मध्ये कायदा झाला आहे. जाहिरातीचे एसएमएस पाठवायला डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदणी लागते, आणि साध्या दहा आकडी नंबरावरून असे फोन केले तर तक्रारीवर तो नंबरच बंद होऊ शकतो. धंद्याचा नंबर गेला तर जुनी गिऱ्हाइकं तुम्हाला कुठे शोधणार?

तुमच्याच वहीत बघा. गेल्या पाच वर्षांत ज्यांनी तुमच्याकडून घर घेतलं किंवा भाड्याने घेतलं, ती नावं असतीलच. त्यांना एकेक करून फोन लावा. पहिला फोन रविवारी दुपारी चारनंतर करा, जेवून झोपलेली माणसं तोवर उठलेली असतात.