पेठ तालुक्यात होमस्टेसाठी कोणत्या कंपनीचं इंटरनेट घ्यावं?

तुम्ही विचारलंय की पेठच्या पुढे होमस्टे काढतोय, फायबर घेऊ की एअरफायबर (वायरीशिवाय, टॉवरवरून हवेतून येणारं नेट), आणि कोणत्या कंपनीचं. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नाशिक-पेठ रस्त्यावरचा सावळघाट ओलांडला की कंपनी कुठली याला फारसा अर्थ उरत नाही. वायर कुठल्या रस्त्याने येते आणि तुटली तर जोडायला कोण येतो, एवढंच बघा.

मी याच भागात सेवा केंद्र चालवतो. माझा साडू नाशकात, अंबडला कंपनीत आहे. संगणकातलं सगळं त्यालाच कळतं असं आमच्या सासरी ठरलेलं आहे. 2023 च्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "एका लाईनवर धंदा करू नका, दोन कंपन्यांच्या घ्या. एक गेली तर दुसरी." मी म्हटलं, दुसरी लाईन म्हणून सिमकार्डवालं काहीतरी घेऊ. तो चारचौघांत हसला. "फायबर असताना सिम? तुम्ही अजून तिथंच!" झालं, दोन फायबर घेतल्या.

त्या वर्षी एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याकडून एक रुपया घ्यायचा, अर्जामागे 40 रुपये केंद्राला कंपनीकडून. मुदत 31 जुलै. शेवटच्या आठवड्यात भातवाले, नागलीवाले सातबारा, आठ-अ, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळी सातपासून ओट्यावर बसलेले, बाहेर पाऊस धो धो. 29 तारखेला दुपारी दोन्ही मोडेमवर एकदमच लाल लाईट. पुढे दोन-तीन किलोमीटरवर रस्त्याच्या कामाचा जेसीबी चालू होता. त्याने एक खांब आडवा केला आणि माझ्या दोन्ही कंपन्यांच्या वायरी त्याच खांबावर होत्या. नावं दोन, बिलं दोन, खांब एकच.

पहिल्याच्या ऑफिसला फोन केला, तर "तक्रार नोंदवली आहे." दुसऱ्याचा लाईनमन फोन उचलत होता बिचारा, पण जॉइंट मारायचं मशीन नाशकात आणि पाऊस थांबेना. दोन दिवस गेले. मी पोराचा मोबाईल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर छत्रीखाली लॅपटॉप उघडून बसलो. तिथून जेमतेम नऊ अर्ज गेले. एक म्हातारी आजी दोन्ही दिवस येऊन ओट्यावर बसली, एकदाही रागावली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून वाचलो.

साडूला फोन केला तर म्हणे, "आता रस्ता खणला त्याला मी काय करू?"

तर तुमचं. फायबर घ्याच, पण घ्यायच्या आधी लाईनमनला सोबत घेऊन खांब चालत बघा. तो गावातला किंवा शेजारच्या गावातला हवा. जोडणी झाली की त्याच्या मीटरवर पॉवर (वायरीतून येणाऱ्या प्रकाशाचा जोर, डीबीएममध्ये) किती येते ते विचारा. उणे 20 च्या आसपास असेल तर झकास. उणे 27 च्या खाली, म्हणजे उणे 28, उणे 30 अशी गेली की रोज रडगाणं. आणि दुसरा पर्याय हवेतला, म्हणजे सिमचा किंवा एअरफायबरचा ठेवा, दुसरी वायर नको. सिम घेताना घरात उभं राहून चार कंपन्यांचं रेंज तपासा. डोंगराआड टॉवर दिसला म्हणजे नेट मिळेलच असं नाही. शिवाय लाईट गेली की टॉवरची बॅटरीही कधीतरी उतरते.

मोडेमला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट नेटपेक्षा जास्त वेळा जाते. पाहुण्यांना 300 एमबीपीएस लागत नाही, 50 पुरतं. त्यांना फक्त संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकायला नको असतो. कॅमेरे नाशकातून बघायचे असतील तर क्लाउडवर (कंपनीच्या सर्व्हरमार्फत) चालणारेच घ्या, एअरफायबरवर बाहेरून थेट जोडणी बहुतेक वेळा मिळत नाही.

हे सगळं आमच्या रस्त्यापुरतं आहे. सिन्नर, निफाडकडे दोन वायरी दोन वाटांनी मिळत असतील तर खुशाल घ्या. तुमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी नेट पोचवायच्या सरकारी योजनेची) फायबर आली असेल तर तिची वाट कुठली आहे तेही विचारा, कदाचित वेगळी निघेल.

आणि साडू अजूनही लग्नकार्यात सांगतो की दोन लाईनचा सल्ला त्याचाच होता. सल्ला त्याचा, खांब मी बघितला नाही, एवढं मी मान्य करतो. सिमला तो हसला होता, ते मात्र त्याने अजून मान्य केलेलं नाही.