५१४ क्रमांकाचे पोर्ट आणि अठरा दिवसांची रिकामी फाईल

नमस्कार.

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१९ सालचा गोव्यातल्या फोंड्यातला पावसाळा डोळ्यांसमोर उभा राहिला. तुम्ही लिहिले आहे की म्हापशाच्या तुमच्या संस्थेतले जुने राउटर आपल्या नोंदी यूडीपी ५१४ वरच, म्हणजे यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरच (पोर्ट म्हणजे संगणकावरच्या एखाद्या सेवेचा दरवाजा-क्रमांक), पाठवतात आणि तो क्रमांक बदलण्याची सोय त्यांच्यात नाही. ज्या लिनक्स संगणकावर त्या घ्यायच्या त्यावर तुम्हाला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार नाहीत. नेटकॅट, म्हणजे पोर्टवर पाठवण्या-ऐकण्याचे छोटे साधन, ५५१४ वर ऐकायला लावले तर ते निमूट चालते, ५१४ वर लावले तर ‘परमिशन डिनाइड’ म्हणून लगेच थांबते. आणि ज्यांच्याकडे रूट आहे ते प्रत्येक वेळी ‘पोर्ट उघडलेले आहे’ एवढेच कळवतात. हे शेवटचे उत्तर मीही तीन वेळा, अगदी त्याच शब्दांत, वाचलेले आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

माझा अनुभव उबंटू आणि डेबियन या प्रणालींपुरता आहे, आणि तुमच्या संस्थेचे संगणक-धोरण मला ठाऊक नाही, तेव्हा खाली लिहिलेले काहीही करण्यापूर्वी त्या धोरणात बसते की नाही ते पाहावे. आज्ञा मी देवनागरीत लिहीत आहे. तुम्ही नेटकॅट वापरता म्हणजे त्या टंकायच्या कशा हे सांगण्याची गरज नसावी.

प्रथम त्या ‘उघडे’ या शब्दाविषयी. आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय फोंड्यात आणि शाखा डिचोली, साखळी, वाळपई व पेडणे येथे. संगणकांचा रूट मात्र आमच्याकडे नव्हता. तो एका बाहेरच्या कार्यालयाकडे होता, ज्याचे नाव मी घेणार नाही. मी त्यांना कळवले की ५१४ वर ऐकता येत नाही. त्यांनी फायरवॉलमध्ये ५१४ उघडले, त्याचे पडद्यावरचे चित्र पाठवले आणि तक्रार बंद केली. मी पुन्हा कळवले, त्यांनी तेच चित्र पुन्हा पाठवले आणि पुन्हा तक्रार बंद केली. असे तीन आठवडे गेले. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडणे म्हणजे बाहेरून येणाऱ्या पॅकेटला (माहितीच्या तुकड्याला) अडवायचे नाही असे ठरवणे. पोर्टवर ऐकणे म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने ‘हा क्रमांक माझ्या नावे करा’ अशी मागणी बाइंड या सिस्टम कॉलने कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, करणे. आणि मागणारा रूट नसेल व त्याच्याकडे ‘कॅप नेट बाइंड सर्व्हिस’ ही क्षमताही (खालच्या पोर्टवर ऐकण्याची परवानगी) नसेल, तर १०२४ च्या खालच्या क्रमांकासाठी कर्नल ती मागणी फेटाळतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. फायरवॉल पूर्ण बंद केली तरी तुमची ‘परमिशन डिनाइड’ जागची हलणार नाही.

त्यामुळे माझी पहिली विनंती ही, की त्या कार्यालयाला लिहिताना ‘पोर्ट चालत नाही’ असे लिहूच नका. आलेला त्रुटीसंदेश अक्षरशः उतरवा, तो बाइंडच्या वेळी येतो असे स्पष्ट लिहा, आणि ५५१४ वर तीच आज्ञा चालते हेही सोबत लिहा. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ते पोर्ट कोणीतरी आधीच घेतलेले असते आणि ‘एसएस’ या आज्ञेने ते कोणी घेतले आहे हे पाहता येते. तुमचे तसे नाही.

ही १०२४ ची मर्यादा आली कुठून, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. १९८० च्या दशकातल्या बीएसडी युनिक्समध्ये दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या आरलॉगिन आणि आरएसएच यांसारख्या सेवा असे मानत, की समोरून १०२४ च्या खालच्या पोर्टवरून कोणी बोलत असेल तर ते त्या यंत्रावरच्या रूटच्या संमतीनेच बोलत असणार, आणि म्हणून त्याने सांगितलेल्या वापरकर्त्याच्या नावावर विश्वास ठेवावा. टीसीपी ५१४ हे आरएसएचचेच पोर्ट. त्याच क्रमांकाचे यूडीपी पोर्ट सिसलॉगचे, म्हणजे यंत्रांच्या नोंदी पाठवण्याच्या पद्धतीचे. आरएसएच आता कोणी वापरत नाही, पण एका यंत्रावर अनेकांची खाती असतील तर ही मर्यादा आजही उपयोगाची आहे, कारण डीएनएस किंवा वेबचे पोर्ट रिकामे सापडले म्हणून कोणीही साध्या खात्यातून तिथे आपला प्रोग्रॅम बसवू शकत नाही. ही मर्यादा कटकट म्हणून उडवून लावावी, या मताचा मी नाही.

आता माझी चूक. तीन आठवड्यांनंतर त्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी अखेर विचारले की नेमके काय हवे आहे. मी दमलो होतो, आणि त्या दमण्यात मला जे सर्वांत सोपे वाटले ते मी मागितले: नेटकॅटच्या फाईललाच सेटकॅप या आज्ञेने ती क्षमता देऊन टाका. लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, अशी क्षमता फाईलला चिकटवता येते. त्यांनी आज्ञा दिली तेव्हा ती आधी फसली, कारण नेटकॅटचे ‘एनसी’ हे नाव प्रत्यक्ष फाईलचे नसून प्रतीकात्मक दुवा, म्हणजे दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारे नाव, असतो आणि सेटकॅप दुव्यावर चालत नाही; ‘रीडलिंक एफ’ने खरी फाईल शोधल्यावर ती ‘एनसी डॉट ओपनबीएसडी’ निघाली. तिला क्षमता मिळाली, ५१४ वर नोंदी येऊ लागल्या, आणि मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: नेटकॅट थांबले की एक सेकंद थांबून ते पुन्हा सुरू करायचे, जे येईल ते फाईलमध्ये जोडायचे, यंत्र चालू झाले की क्रॉन या वेळापत्रकाच्या साधनाने ती सुरू करायची. पडद्यावर अधूनमधून येणारे संदेश नकोत म्हणून मी त्रुटींचा प्रवाह डेव्ह-नलकडे, म्हणजे जिथे गेलेले सगळे नाहीसे होते तिथे, वळवला. त्या एका ओळीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले.

२२ जूनला, सांजांव या गोव्यातल्या सणाच्या दोन दिवस आधीच्या शनिवारी, त्याच कार्यालयाने आम्हाला न विचारता संगणकाची प्रणाली पुढच्या आवृत्तीवर नेली. नेटकॅटची फाईल बदलली गेली. सेटकॅपने दिलेली क्षमता ही त्या विशिष्ट फाईलच्या विस्तारित गुणधर्मांत असते. पॅकेज नव्याने बसले की नवी फाईल येते आणि तिला ती क्षमता नसते. यंत्र पुन्हा सुरू झाले, स्क्रिप्ट सुरू झाली, नेटकॅटने ५१४ मागितले, कर्नलने नाकारले, त्रुटी डेव्ह-नलमध्ये गेली, एक सेकंद थांबून स्क्रिप्टने पुन्हा तेच केले. प्रोसेसच्या यादीत स्क्रिप्ट दिसत होती, म्हणून मी निश्चिंत होतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून वाळपईची जोडणी रोज संध्याकाळी पावसाच्या सरीबरोबर तुटू लागली. वाळपई ज्यात येते त्या सत्तरी तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवे नाही. जोडणी पुरवणाऱ्यांनी तक्रारीसाठी तुटण्याच्या व पुन्हा लागण्याच्या नेमक्या वेळा मागितल्या, जे योग्यच होते. १० जुलैला मी फाईल उघडली आणि शेवटची ओळ २२ जूनची निघाली. तिच्याखाली काहीच नाही. अठरा दिवस. वाळपई शाखेतल्या आमच्या सहकारी बाईंनी एका शाळकरी वहीत निळ्या शाईने वेळा लिहून ठेवल्या होत्या, ‘सायं. ५.४० गेले, ६.२५ आले’ अशा, कारण त्यांना रोजचा ताळा बंद करण्यासाठी तोवर थांबावे लागे आणि मग शेवटची बस चुकण्याची भीती असे. ती वही तक्रारीला चालली नाही. यंत्राची नोंद हवी होती. तक्रार पुराव्याअभावी बंद झाली आणि चवथ (गणेशचतुर्थी) जवळ येईपर्यंत त्या बाई तशाच थांबत राहिल्या. क्षमता कशी गेली हे मी प्रणाली बदलणाऱ्या कार्यालयाला विचारले, तर उत्तर आले: ५१४ पोर्ट उघडलेले आहे.

म्हणून माझे मत ठाम आहे: नेटकॅट, सोकॅट, पायथन यांसारख्या सर्वकामी साधनांना सेटकॅप देऊ नये. अद्ययावतीकरणात ती क्षमता गुपचूप जाते हे एक कारण. दुसरे त्याहून मोठे, की ती क्षमता तुम्हाला मिळत नसून त्या फाईलला मिळते, आणि मग त्या संगणकावर खाते असलेला प्रत्येक जण त्या साधनाने हव्या त्या खालच्या पोर्टवर ऐकू शकतो. पायथनला दिली तर त्यात लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला दिल्यासारखे आहे. सुडोने, म्हणजे रूटचा अधिकार तात्पुरता घेऊन, नेटकॅट चालवणे दोन मिनिटांच्या चाचणीसाठी ठीक. पण जुन्या पारंपरिक नेटकॅटमध्ये ‘ई’ हा पर्याय असतो, जो जोडणाऱ्याच्या हाती प्रोग्रॅम देतो, आणि रूटच्या अधिकाराने शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) लावून तो चालू राहिला तर पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही त्या यंत्राचा मालक होतो. कार्यालयाने ‘सुडो देतो, त्यानेच कायम चालवा’ असे म्हटले तर कृपया नको म्हणा.

तुमच्या परिस्थितीत मी हे मागेन: ५१४ वर येणारी यूडीपी पॅकेट त्याच यंत्रावरच्या ५५१४ कडे वळवणारा एकच कायमस्वरूपी नियम, फायरवॉलच्या नॅट (पत्ते व पोर्ट बदलणाऱ्या) तक्त्याच्या प्रीराउटिंग (पॅकेट आल्याआल्या लागणाऱ्या) साखळीत, रीडायरेक्ट या प्रकारचा. रूट एकदाच लागतो, नेटकॅट साध्या खात्यातून ५५१४ वर ऐकते, आणि पॅकेज बदलले तरी नियम राहतो, अर्थात तो यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही टिकेल असा जतन केलेला असला पाहिजे. हे आठवणीने लिहून घ्या. यात तीन ठिकाणी माणूस अडकतो. एक, वळवल्यानंतर फायरवॉलच्या इनपुट साखळीला तो क्रमांक ५५१४ असा दिसतो, म्हणजे तिथे ५५१४ ला परवानगी हवी, नुसते ५१४ ‘उघडून’ भागत नाही. दोन, त्याच यंत्रावरून पाठवलेली चाचणी प्रीराउटिंगमधून जात नाही, म्हणून चाचणी दुसऱ्या यंत्रावरून करा. तीन, आणि यात मी एक अख्खी दुपार घालवली: नॅटचा नियम प्रवाहाच्या पहिल्याच पॅकेटला लागतो. राउटर एकाच उगम-पोर्टवरून सतत नोंदी पाठवत असेल तर कर्नलच्या स्मरणात तो जुना प्रवाह जिवंत राहतो आणि नवा नियम त्याला लागतच नाही. चालू प्रवाहांची यादी सांभाळणाऱ्या ‘कॉनट्रॅक’च्या आज्ञेने ५१४ च्या जुन्या नोंदी पुसून टाका, म्हणजे पुढचे पॅकेट नव्या प्रवाहाचे धरले जाईल.

यंत्र फक्त याच कामासाठी असेल आणि त्यावर इतर कोणाचे खाते नसेल तर सिस्कटीएलमधला, म्हणजे कर्नलच्या मांडणीतला, ‘आयपी अनप्रिव्हिलेज्ड पोर्ट स्टार्ट’ हा आकडा १०२४ वरून ५१४ वर आणणे हाही मार्ग आहे. तो लिनक्स ४.११ पासून, म्हणजे २०१७ पासून, उपलब्ध आहे. पण त्याने ५१४ ते १०२३ ही सगळी पोर्टे सर्वांना मोकळी होतात, म्हणून अनेकांच्या वापरातल्या यंत्रावर मी तो सुचवणार नाही. यंत्रावरच्या सेवा सुरू करणारे व सांभाळणारे सिस्टमडी असेल तर त्याहून नेटकी सोय अशी, की ५१४ चा सॉकेट सिस्टमडीने स्वतः उघडावा आणि साध्या खात्यातल्या सेवेच्या हाती द्यावा, किंवा सेवेच्या फाईलीत ‘ॲम्बियंट कॅपॅबिलिटीज’ या ओळीत ती एकच क्षमता लिहावी. तेव्हा अधिकार त्या सेवेपुरता राहतो, फाईलला चिकटत नाही. आणि खरे सांगायचे तर, कायमच्या नोंदींसाठी नेटकॅट वापरूच नये. आरसिसलॉग त्यासाठीच आहे. नेटकॅट ‘काही येते आहे का’ हे पाहण्यापुरते. त्यासाठी सुद्धा टीसीपीडम्प (येणारी पॅकेट नुसती पाहणारे साधन) अधिक विश्वासाचे, कारण त्याला पोर्ट ताब्यात घ्यावे लागत नाही. मात्र पॅकेट टिपण्याचा अधिकार त्यालाही लागतो.

नेटकॅटच वापरणार असाल तर एक गोष्ट मात्र जरूर पाहा. ओपनबीएसडीचे नेटकॅट यूडीपीवर ऐकताना ज्याचे पॅकेट पहिले येईल त्याच्याशीच स्वतःला बांधून घेते आणि बाकीच्यांचे काहीही दाखवत नाही. आमच्याकडे सुरुवातीला फक्त डिचोलीच्या नोंदी दिसत होत्या, आणि बाकीच्या शाखांचे राउटर बिघडले आहेत असे मी लेखी कळवूनही बसलो होतो. ‘के’ हा पर्याय सोबत दिला की ते सर्वांकडून घेते. पारंपरिक नेटकॅटला ऐकताना पोर्टच्या आधी ‘पी’ द्यावा लागतो, ओपनबीएसडीच्या नेटकॅटला नुसता क्रमांक पुरतो. तुमच्याकडे कोणते आहे ते वर सांगितलेल्या रीडलिंकने कळेल.

त्रुटींचा प्रवाह मी आता वेगळ्या फाईलीत ठेवतो. शिवाय रोज सकाळी नऊ वाजता साखळी शाखेतला एक संगणक ‘लॉगर’ या आज्ञेने यूडीपी ५१४ वर तारखेसह एक ओळ पाठवतो, आणि सव्वानऊपर्यंत ती ओळ फोंड्याच्या फाईलीत पोचली नाही तर मला व आणखी एका सहकाऱ्याला ईमेल येते. स्क्रिप्ट चालू आहे की नाही हे आम्ही पाहतच नाही, ओळ पोचली की नाही एवढेच पाहतो. गेल्या वर्षी पुन्हा प्रणाली बदलली गेली, पुन्हा न विचारता, आणि वळवण्याचा नियम जतन न केल्यामुळे पुसला गेला. सव्वानऊला ईमेल आली आणि अकराच्या आत तो परत बसला.