वाचकांचे प्रश्न : सोडतीच्या आधीचा एक किलोमीटर

प्रश्न : आम्ही चार वर्षांपासून एकाच खोलीत भाड्याने राहतो. मुलीला यंदा पहिलीत घालायचे आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालील राखीव जागांच्या, अर्जासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागेल असे सांगितले गेले. आमचा करार स्टँप पेपरवर नोटरी केलेला आहे आणि घरमालक नोंदणीला तयार नाहीत. रेशनकार्ड अजून सासरच्या गावचे आहे. शाळेची घंटा आम्हाला घरात ऐकू येते, तरीही आम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, हे कसे?

उत्तर : ताई, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांना द्यायच्या असतात. कायद्याने ‘परिसर’ एवढेच म्हटले. त्या परिसरात आपण राहतो हे कोणत्या कागदाने दाखवायचे, ते राज्याच्या नियमांनी आणि दरवर्षीच्या सूचनांनी ठरते. आपली अडचण तिथे आहे.

नोटरीचा करार कुणीही अर्ध्या तासात करून आणू शकतो, म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा करार मागितला जातो. या अटीमागचा हेतू मला पटतो. तिचा भार मात्र ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांच्यावरच सर्वांत जास्त पडतो, कारण स्वतःच्या घरात राहणाऱ्याकडे घरपट्टीची पावती आणि वीजबिल आपोआप असते, तर एका खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला लाइटबिलाचे पैसेसुद्धा मालकाच्या हातात द्यावे लागतात.

आपल्या घरमालकांना एक गोष्ट शांतपणे सांगून पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे धमकी म्हणून वापरू नका; खोली जाईल आणि पत्ताही जाईल. अनेक मालकांची खरी भीती ‘नोंदणी केली की भाडेकरू हक्क सांगेल’ अशी असते, पण लिव्ह अँड लायसन्स करारात, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरू देण्याच्या करारात, मुदत स्पष्ट लिहिलेली असते आणि वाद झालाच तर नोंदणी नसलेल्या मालकाची बाजू उलट लंगडी पडते, कारण त्याच कलमानुसार अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशेबाने लागते. हा खर्च आपण उचलतो असे सांगितले, तर बरेच मालक तयार होतात.

ते जमलेच नाही, तर पत्त्याच्या दुसऱ्या पुराव्याकडे वळा. मतदार ओळखपत्रावरील पत्ता नमुना ८ भरून बदलता येतो. मात्र हे काम अर्ज सुरू होण्याच्या कितीतरी आधी हाती घ्यावे लागते, आणि त्या वर्षीच्या सूचनेत कोणते पुरावे मान्य आहेत ते पाहूनच निर्णय घ्या, कारण ही यादी बदलत असते.

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या प्रतीक्षा यादीत दुसरा आहे. ज्यांच्या मुलाला जागा मिळाली ते कुटुंब प्रत्यक्षात पाच किलोमीटरवर राहते; त्यांनी नातेवाइकाचा पत्ता दिला आहे. मी तक्रार करू का? शेजारधर्म आड येतो. आणि अशी सोडत निष्पक्ष म्हणायची का?

उत्तर : आधी सोडतीविषयी. एखाद्या शाळेसाठी प्रथम एक किलोमीटरच्या आतील अर्ज विचारात घेतले जातात. ते जागांहून अधिक असतील तर त्यांच्यातच सोडत निघते, आणि जागा उरल्या तरच एक ते तीन किलोमीटरमधील मुलांची पाळी येते. म्हणजे चिठ्ठी काढण्याच्या आधीच नकाशाने मोठी निवड केलेली असते. सोडत एका पट्ट्यातील मुलांना समान वागवते, पण त्या पट्ट्यात कोण उभे आहे हे ती तपासत नाही. खोटा पत्ता देणारा शिरला की खऱ्या शेजाऱ्याची संधी तेवढ्यापुरती कमी होते, आणि आकडे कितीही पारदर्शकपणे काढले तरी ती चूक भरून निघत नाही.

म्हणून तक्रार करावी, असे माझे मत आहे. फक्त आपल्याला स्वतःला खात्री असेल तर. रेशनकार्ड एका घरचे आणि राहणे दुसऱ्या घरी, अशी कितीतरी कुटुंबे असतात. मूल आजीकडे राहते आणि आईवडील कामासाठी ये-जा करतात, हेही घडते. प्रश्न एवढाच आहे की दिलेल्या पत्त्यावर ते खरोखर राहतात का, आणि तो ठरवण्याचे काम पडताळणी समितीचे आहे. पत्ता खोटा ठरला तर प्रवेश रद्द होऊ शकतो. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरात महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात अमुक तारखेला काय पाहिले ते लिहा. त्या कुटुंबाच्या हेतूबद्दल एक शब्दही लिहू नका.

जाता जाता एक आठवण करून देतो. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, ज्या खासगी विनाअनुदानित शाळांच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा आहे त्यांना २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले होते. जवळच्या मुलांना प्राधान्य देणारा तोच किलोमीटर त्यांच्यासाठी दार बंद करायला वापरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला आधी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला.

प्रश्न : शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण अर्जात अंतर दोन किलोमीटर दाखवते. चूक कोणाची?

उत्तर : बहुधा ऑनलाइन अर्जातील नकाशावर घराची जागा दाखवणाऱ्या लाल फुग्याची. अर्ज सायबर कॅफेत भरला असेल, तर तो फुगा कॅफेच्या जागेवरच राहिला असण्याची शक्यता आहे. माझ्यासमोर एका वडिलांनी तो हलवून आपल्या चाळीच्या छपरावर ठेवला, तेव्हा अंतर क्षणात ६०० मीटरवर आले. नकाशा मोठा करून आपल्या गल्लीतले देऊळ किंवा रिक्षास्टँड आधी ओळखा, मग फुगा घरावर ठेवा, आणि अर्ज निश्चित करण्यापूर्वी हे पाहा. नंतर दुरुस्ती करणे अवघड जाते. मुद्दाम शाळेजवळ सरकवलेला फुगा पडताळणीत उघडा पडतो.