नळाला पाणी येतंय तोवर

प्रश्न असा आहे की जग आणि संस्कृती संपल्यावरच्या कथा-कादंबऱ्यांमध्ये तुमची सगळ्यात आवडती कुठली आणि का. एकच नाव घ्यायचं तर जॉर्ज आर. स्टुअर्टची 'अर्थ अबाइड्स', १९४९ ची. जुनी आहे, संथ आहे, मारामारी जवळजवळ नाहीच.

आधीच सांगतो, मी साहित्यातला माणूस नाही, आयुष्य पाणीपुरवठ्यात गेलंय, टाक्या, पंप, लीकेज आणि सकाळी सहाला येणारे फोन. ही कादंबरी आवडायचं कारणही तेच आहे, त्यामुळे उत्तर एकतर्फी वाटलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट अशी की ईश नावाचा कॅलिफोर्नियातला एक विद्यार्थी संशोधनासाठी डोंगरात एकटाच राहिलेला असतो, तिथे त्याला रॅटलस्नेक चावतो, तो तापाने फणफणून पडतो आणि बरा होऊन खाली येतो तर साथीत माणसं गेलेली, जवळजवळ सगळी. अणुबॉम्ब नाही, झॉम्बी नाही. बर्कलीजवळ आईवडिलांच्या घरी येतो तर घरात कोणी नाही, पण दिवे लागतायत! मी तिथेच अडकलो, कारण माणूस गेल्यावर कुठली सिस्टिम किती दिवस चालेल याचा स्टुअर्टने खरंच विचार केलाय. धरणांवरची वीजकेंद्रं काही काळ आपोआप फिरत राहतात, मग एके दिवशी दिवे हळूहळू पिवळे पडत विझतात. मध्येच मुंग्या बेसुमार वाढतात आणि गायब होतात, मग उंदरांची पाळी, तेही खाणं संपल्यावर संपतात. या मुंग्या-उंदरांच्या पानांवर मला कुठल्याही भूतकथेपेक्षा जास्त काटा आला.

पण पाणी येत राहतं. वरच्या जलाशयातून ग्रॅव्हिटीने येणारं पाणी, त्याला पंप लागत नाही, माणूस लागत नाही, म्हणजे लागतो पण लगेच लागत नाही. ईश, त्याची बायको एम, आणखी काही मोठी माणसं आणि त्यांची पोरंबाळं अशी एक छोटी टोळी तयार होते, दुकानातले डबे फोडून खातात, नळ सोडला की पाणी, दरवर्षी एका खडकावर वर्षाचा आकडा कोरतात आणि त्या वर्षाला काहीतरी नाव देतात. मस्त चाललंय. आणि बाविसाव्या वर्षी नळ कोरडा. कोणी कधी वर जाऊन बघितलंच नव्हतं की हे पाणी येतं कुठून आणि पाइप किती गंजलाय.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खूप वेळ हसत बसलो, कारण नोकरीच्या सुरुवातीला मी एका छोट्या गावात होतो तिथे अगदी हेच झालं होतं. तिथले व्हॉल्व्हमन काका रिटायर झाले. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, कुठला उलटा फिरतो, कुठला अर्धाच सोडायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात, कारण नकाशात एक आणि जमिनीत भलतंच. मधल्या काळात रस्ता काँक्रीटचा झाला, चेंबरं गाडली गेली आणि नेमकी तेव्हाच मेन लाइन फुटली. तीन दिवस अर्धं गाव टँकरवर. शेवटी काकांना स्कूटरवर बसवून आणलं, त्यांनी पानटपरीसमोर दोन वेळा पाय आपटला आणि म्हणाले, खण इथं. दीड फुटावर व्हॉल्व्ह! काका तेव्हा लेकीकडे गेलेले असते तर आम्ही काय केलं असतं देव जाणे. तेव्हापासून मी जग बुडायच्या गोष्टीत एवढंच बघतो की ज्याला माहीत होतं तो गेल्यावर पुढच्याला काय माहीत असतं.

आणि स्टुअर्ट ते फार निर्दयपणे दाखवतो. ईशला युनिव्हर्सिटीची लायब्ररी जिवापाड जपायचीय (लेखक स्वतः बर्कलीतच इंग्रजीचा प्राध्यापक होता, त्यामुळे ती माया खरी वाटते). तो पोरांसाठी शाळा काढतो, पोरं कंटाळतात, त्यांना वाचून करायचंय काय? एकटा जोई, धाकटा मुलगा, त्यालाच अक्षरांची गोडी. आणि (पुढे स्पॉयलर आहे, वाचायचं असेल तर हा पॅरा सोडा) तो जोईच टायफॉइडने जातो. ईश शाळा बंद करतो आणि पोरांना धनुष्यबाण करून देतो, तेही खेळणं म्हणून, शिकवतोय हे कळू न देता. कारण कधीतरी काडतुसं संपणार, काडेपेट्या संपणार. तो म्हातारा होतो तोवर नातवंडं-पतवंडं जुन्या नाण्यांच्या धातूची बाणाची टोकं करतायत आणि हे सगळे पूल, रस्ते करणारे 'अमेरिकन' म्हणजे कोणीतरी देवाधर्मातले लोक होते असं त्यांना वाटतंय. कुणीही दुःखी नाही, हे सगळ्यात भारी आहे, दुःखी फक्त ईश, कारण काय गेलं हे त्यालाच माहीत.

दोषही आहेत. ईश जरा शिष्ट आहे, बाकीच्यांना मठ्ठ समजतो, आणि टोळीत ईव्ही नावाची मतिमंद मुलगी आहे तिच्याबद्दल ज्या सुरात लिहिलंय ते आज वाचवत नाही. पण १९४९ मध्ये गोऱ्या नायकाची बायको काळ्या वंशाची दाखवायला हिंमत लागत असणार.

दुसरा नंबर वॉल्टर मिलरच्या 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ'चा. अणुयुद्धानंतर चिडलेल्या लोकांनी शास्त्रज्ञ मारले, पुस्तकं जाळली, आणि अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका मठात साधू लोक उरलेले कागद न समजता जपतायत. त्यात लीबोविट्झ नावाच्या इंजिनिअरची एक चिठ्ठी सापडते, पास्त्रामी (खारवलेलं मांस) आण, सहा बॅगल (मधे भोक असलेले गोल पाव) आण अशी, आणि ती पवित्र अवशेष होऊन बसते! एक साधू तर जुन्या ब्लूप्रिंटची सोन्याच्या वर्खाने नक्षी काढून नक्कल करण्यात वर्षानुवर्षं घालवतो, सर्किट कशाचं आहे हे ठार माहीत नसताना. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानावर होता आणि इटलीतल्या माँते कासिनोच्या मठावरच्या बॉम्बहल्ल्यात सामील होता, हे कळल्यावर मला पुस्तक वेगळंच दिसायला लागलं. विनोदी म्हणून सुरू केलं होतं, शेवटी तसं राहिलं नाही.

कॉर्मॅक मकार्थीची 'द रोड' विचाराल तर एकदा वाचली, पुलित्झर पुरस्कार मिळालाय, बापलेकाचं सगळं खरं आहे, पण परत हात लावणार नाही. एमिली सेंट जॉन मँडेलची 'स्टेशन इलेव्हन' मला निम्मी आवडली, त्यातल्या गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीपेक्षा विमानतळावरचं म्युझियम जास्त, जिथे बंद पडलेले फोन आणि क्रेडिट कार्डं मांडून ठेवलीयत.

बाय द वे, आमच्या आजोळी, खेडला, जगबुडी नावाचीच नदी आहे, पावसाळ्यात बाजारपेठेत शिरते आणि पाणी उतरलं की दुकानदार चिखल काढून परत शटर वर करतात. त्यामुळे जगबुडी या शब्दाची भीती आमच्या घरात कधी कुणाला वाटलीच नाही.

सुरुवात करायची असेल तर 'अर्थ अबाइड्स'नेच करा. पहिली पन्नासेक पानं एकटा माणूस आणि त्याची गाडी एवढंच आहे, कंटाळू नका. नंतर प्रिन्सेस नावाची कुत्री भेटते, आणि काळजी करू नका, तिला लगेच काही होत नाही.