वाचकांचे प्रश्न : स्पर्धेतले पारितोषिक आणि कारखान्यातले काम

प्रश्न : वडोदऱ्यातील एका महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते. आमच्याकडे नवोपक्रम परिषद आहे, दरवर्षी कल्पनांची स्पर्धा होते, पाहुणे येतात, पारितोषिके दिली जातात. स्पर्धा संपली की मुलांनी केलेले नमुने कपाटात जातात आणि पुढे काहीच घडत नाही. विद्यार्थ्यांच्या हातून खरोखर काही उभे राहावे यासाठी शिक्षकाने काय करावे?
— एक प्राध्यापिका, वडोदरा

उत्तर : नमुना कपाटात जातो, कारण त्याची वाट पाहणारे बाहेर कोणीच नसते. विषय विद्यार्थ्याने घरी बसून सुचवलेला असतो, पसंती परीक्षकांची असते आणि वस्तू वापरणाऱ्याची गाठ शेवटपर्यंत पडत नाही. म्हणून स्पर्धेची तारीख ठरवण्याआधी मुलांना मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत न्यावे, आणि तेही धावत्या भेटीसाठी नव्हे, तर एकाच लहान कारखान्यात काही आठवडे नियमितपणे.

तिथे काय दिसते, याचे एक उदाहरण देतो. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम चालू असताना हत्यार थंड ठेवण्यासाठी जे कूलंट वापरतात, त्यात यंत्राचे वंगण गळून मिसळते आणि वर तेलाचा थर धरतो. सुट्टीच्या दिवशी पंप बंद असतो, थराखाली हवा पोहोचत नाही, हवेविना वाढणारे जिवाणू फोफावतात आणि सुट्टीनंतर यंत्र सुरू केले की शेडभर कुजकट वास सुटतो. मग सगळे कूलंट टाकून द्यावे लागते. पैसे जातात आणि कामगारांच्या हातांची त्वचाही खराब होते. तेल काढून टाकणारी यंत्रे बाजारात मिळतात, परंतु दोन-तीन लेथच्या मालकाला परवडेल, त्याच्या टाकीत बसेल आणि सुट्टीतही थोडी हवा खेळती ठेवेल असे साधन करून देणे, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले काम आहे. ते चालले की नाही, हे सांगायला परीक्षक लागत नाही. पुढच्या सुट्टीनंतर शेडमध्ये पाऊल टाकले की कळते. आणि ते चालले तर पहिला ग्राहक समोरच उभा असतो.

महाविद्यालयाने द्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, आणि त्यांतली पहिली म्हणजे कार्यशाळेची किल्ली. तास संपताच कार्यशाळेला कुलूप लागत असेल तर परिषदेच्या नावाला काही अर्थ उरत नाही. संध्याकाळी एक अनुभवी कारागीर तिथे हजर राहील अशी व्यवस्था करण्यासाठी आपण व्यवस्थापनाकडे आग्रह धरावा, असे मी कळकळीने सुचवीन. दुसरी गोष्ट पैशाची. गुजरात सरकारने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र स्टार्टअप आणि नवोपक्रम धोरण आणले. त्यात आणि २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या पुढच्या आवृत्तीत नमुना तयार करण्यासाठी संस्थेमार्फत अर्थसाहाय्याची तरतूद आहे. तरीही एका मोटरसाठी किंवा पत्र्यासाठी समितीच्या बैठकीची वाट पाहावी लागली तर मुलांचा उत्साह ओसरतो, म्हणून किरकोळ खर्च विभागप्रमुखांच्या सहीने त्याच आठवड्यात मिळायला हवा. कारखान्यात जाण्यामुळे हजेरी कमी पडेल, ही अडचण मात्र सुटण्यासारखी आहे : विद्यार्थी आणि अध्यापकांसाठीच्या केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात अशा कामाला श्रेयांक (क्रेडिट) देण्याची आणि संस्थेच्या परवानगीने हजेरी कमी असतानाही परीक्षेला बसू देण्याची मुभा आहे.

वडोदऱ्याला हे नवे नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले, तेव्हा रंगकाम आणि रसायनविद्या उद्योगासाठीच शिकवली जात होती. पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिक या औषध कंपनीची स्थापना केली. ज्ञान आणि कारखाना यांच्यातले अंतर या शहरात एकेकाळी इतके कमी होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे.

प्रश्न : आम्ही तिघांनी मिळून प्रकल्पासाठी एक उपकरण बनवले आहे. पुढच्या महिन्यात विभागाचे प्रदर्शन आहे. पेटंट आधी घ्यावे की नंतर? आणि त्यावर हक्क आमचा की महाविद्यालयाचा?
— एक विद्यार्थी, वडोदरा

उत्तर : अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. उपकरण चारचौघांत दाखवले की त्याचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपू शकते. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना सवलत आहे. महाविद्यालयाचे प्रदर्शन सहसा त्यात बसत नाही. वेळ थोडा असल्याने सध्या तात्पुरत्या (प्रोव्हिजनल) तपशिलासह अर्ज करा, म्हणजे अर्जाची तारीख तुमच्या नावावर राहील; मात्र पूर्ण तपशील १२ महिन्यांच्या आत दाखल केला नाही तर अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, परीक्षणाचे शुल्क पुढे वेगळे भरावे लागते.

हक्काविषयी वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या धोरणाची दिशा स्पष्ट आहे : अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधने किंवा पैसा मोठ्या प्रमाणात वापरून केलेल्या कामावर संस्था आणि संशोधक यांचा संयुक्त हक्क असतो. तुमचा प्रकल्प अभ्यासक्रमातला असल्यामुळे संस्थेला वगळून अर्ज करू नका. आपल्या महाविद्यालयाची नियमावली मागून वाचा आणि तिघांपैकी कोणी कोणता भाग केला, हे तारखेसह लिहून मार्गदर्शकांची सही घ्या. तिघांची मैत्री आज पक्की आहे, तेव्हाच हा कागद करणे सोपे जाते.