तुपात न फुलणारा डिंक

प्रश्न : सूनबाई बाळंत झाली म्हणून डिंकाचे लाडू करायला घेतले. बाजारातून पाव किलो ‘गोंद’ आणला. तुपात कितीही परतला तरी फुलेना, खड्यासारखा कडकच राहिला. शेवटी तसाच कुटून लाडवांत घातला. वाटीत उरलेल्या चार खड्यांत पाणी पडलं होतं, तर सकाळी वाटीभर लिबलिबीत जेली! डिंक बनावट आहे का? लाडू सुनेला द्यावेत का? – एक वाचक भगिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, आधी लाडवांचं. ते बाळंतिणीला देऊ नका. फोडून चाळून घ्या, डिंकाची कणी काढून टाका आणि पुन्हा वळा. हा डिंक कोरडा पोटात गेला आणि वर पाणी कमी पडलं, तर तुमच्या वाटीत जे झालं ते घशात किंवा आतड्यात होऊ शकतं.

बनावट मात्र तो नाही. तुम्हाला हवा होता धावड्याचा किंवा बाभळीचा डिंक, आणि तुमच्या वर्णनावरून मिळाला तो कुल्लू नावाच्या जंगली झाडाचा. आपल्याकडे तो ‘कतीरा’ म्हणून खपतो. खरा कतीरा इराणकडच्या एका काटेरी झुडपाचा आणि महाग, म्हणून त्याच्या नावावर कुल्लूचा नाहीतर गणेरी या दुसऱ्या एका झाडाचा डिंक विकायची जुनी रीत आहे. उन्हाळ्यात सरबतात घालायला तो उत्तम, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘कशासाठी हवाय?’ एवढं विचारायला विक्रेत्याचं काय जातं?

बाभळीच्या डिंकाचा खडा तापला की मऊ पडतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो फुलतो. कुल्लूचा डिंक तसा मऊ पडत नाही. पाण्यातही तो विरघळत नाही, नुसता फुगतो, आणि फुगतो तोही मूळ आकारमानाच्या साठपटींहून जास्त. आणखी एक खूण सांगते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक जुनी बरणी होती. झाकण उघडलं की व्हिनेगरचा वास यायचा आणि मुलं कपाटामागे काय सांडलंय ते शोधत बसायची. या डिंकातून हळूहळू ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. तुमचा पुडा हुंगून पाहा.

झाड म्हणाल तर शिवपुरी-श्योपूरकडच्या खडकाळ टेकड्यांवर उन्हाळ्यात नक्की ओळखू येईल. अंगावर एक पान नाही, साल पांढरीफटक, कागदासारखे पापुद्रे सुटलेले. सह्याद्रीत यालाच कहांडोळ किंवा भुत्या म्हणतात. शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया युरेन्स. फळ पाच फाकांचं, लालसर, मखमली दिसतं. हात मात्र लावू नका, ती मखमल म्हणजे आग करणारी कुसं. तरीही जंगलातली माणसं आतल्या बिया काढून भाजून खातात. सालीच्या धाग्यांचे दोर वळतात.

आणि डिंक तर तिथल्या सहरिया आदिवासींच्या हातचं नगदी उत्पन्न. पावसाआधीच्या कडक उन्हात खोडाला खाच पाडायची, गळलेला डिंक वाळला की खरवडून घ्यायचा. खाच बेताची असेल तर झाड ती भरून काढतं. कुऱ्हाडीनं भसाभस साल सोलली तर झाडच वाळतं, आणि अशी वाळलेली झाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याबरोबर कुल्लूचा डिंकही राष्ट्रीयीकृत वनोपजात आहे, म्हणजे त्याचा व्यापार सरकारच्या हातात आहे, तरी झाडं वाचवायला तेवढं पुरत नाही. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरात घटकांच्या यादीत ४१६ हा मिश्रकाचा आकडा दिसला तर तो हाच डिंक. कवळी हिरडीला चिकटवायच्या पुडीत हा असतो. शस्त्रक्रियेनंतर ज्यांना पोटावर पिशवी लावावी लागते, त्यांची भोवतालची कातडी सांभाळायलाही हा वापरतात.

पुढच्या वेळी नुसतं ‘गोंद’ म्हणू नका, ‘लड्डूवाला, धावडे का’ असं म्हणा. घरी आणून एक दिवस उन्हात ठेवा, बारीक खडे करा, भरपूर तुपात मंद आचेवर थोडे थोडे तळा. एखादा फोडून पाहा. आत काचेसारखा दिसला तर कच्चा आहे. उरलेला कुल्लू फेकू नका. चार खडे रात्री पेलाभर पाण्यात भिजवा आणि सकाळी वाळ्याच्या सरबतात घाला.

प्रश्न : कुल्लूचं झाड बंगल्याच्या आवारात लावता येईल का? – एक वाचक, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : येईल. ताजं बी पावसाच्या तोंडावर, मुरमाड जमिनीत लावा. पाणी साचू देऊ नका. डिंकाची घाई करू नका. आणि फाटकापासून लांब लावा, नाहीतर त्या कुसळांपायी पोस्टमन फाटकाशी यायचा नाही.